नाव हिरावलेली मुलगी

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीने एक लहानसे इंग्रजी पुस्तक आणून माझ्या टेबलावर ठेवले आणि "आत्या, हे वाच, वाचून झाले की एक प्रश्न विचारायचा आहे," एवढेच बोलून ती निघून गेली. वहिनींना ते पुस्तक आधीच दिसले होते. मुखपृष्ठावरचे अंधारे भुयार आणि मागच्या मजकुरातील जादूगाराचा उल्लेख पाहून त्यांनी नाक मुरडले होते. मुलीने कॉलेजच्या शेवटच्या वर्षात, त्यातही नुकतेच एका पाचारण-शिबिराला जाऊन आल्यावर, असली जादूटोण्याची पुस्तके वाचावीत हे त्यांना रुचले नव्हते. थोडक्यात, पुस्तक माझ्याकडे आले ते परीक्षणासाठीच. मी ते कर्तव्यबुद्धीने हाती घेतले आणि दोन रात्रींत संपवले. दुसऱ्या रात्री वीज गेलेली होती. कंदिलाच्या उजेडात वाचण्याजोगे याहून योग्य पुस्तक मला तरी माहीत नाही, आणि ते का, हे पुढे ओघाने येईलच.

पुस्तकाचे नाव 'द टूम्स ऑफ अतुआन'. लेखिका अर्सुला ले ग्विन. ते १९७१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. 'अर्थसी' नावाच्या काल्पनिक द्वीपसमूहावरील कादंबरीमालेतील हे दुसरे पुस्तक. पहिले १९६८ साली आणि तिसरे १९७२ साली आले. पहिल्या पुस्तकाचा नायक गेड हा गाँट बेटावरचा एका लोहाराचा मुलगा. तो मोठा जादूगार कसा होतो, याची ती कथा. दुसऱ्या पुस्तकात मात्र गेड निम्मे पुस्तक संपत आले तरी नीटसा दिसत नाही. सारे पुस्तक एका मुलीचे आहे. पहिले पुस्तक वाचलेले नसले तरी काही बिघडत नाही; मीही ते नंतरच वाचले.

अद्भुतकथा आपल्याला नवीन नाहीत. राक्षसाचा जीव पोपटात असतो, राजकन्या सातव्या मजल्यावर झोपलेली असते आणि राजपुत्र येईपर्यंत ती झोपूनच राहते, हे आपण आजीच्या मांडीवर ऐकले आहे. मराठी कादंबरीच्या आरंभाकडे पाहिले तर एक मौजेची गोष्ट दिसते. १८५७ साली बाबा पदमनजी या ख्रिस्ती लेखकाने 'यमुनापर्यटन' लिहिले. त्याची नायिका यमुना गावोगाव हिंडते, विधवांचे हाल डोळ्यांनी पाहते, स्वतः त्या आगीतून जाते आणि अखेर स्वतःच्या विचाराने आपली वाट निवडते. त्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि तिच्यामागून अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रांग लागली. त्या कादंबऱ्यांना नायिकांची नावे मिळाली, पण नायिकांना करण्याजोगे काम मिळाले ते बहुधा सोसण्याचे. वास्तवाच्या कादंबरीत बाई चालू लागली होती; अद्भुताच्या कादंबरीत ती पुन्हा महालात जाऊन बसली. अद्भुत म्हटले की स्त्री निष्क्रिय, असे समीकरण माझ्याही मनात नकळत तयार झाले होते ते यामुळेच असावे. ले ग्विन यांच्या या पुस्तकाने ते मोडले. पण ज्या रीतीने मोडले, ती रीत मला अनपेक्षित होती.

कादंबरीचा प्रारंभ एका सफरचंदाच्या बागेत होतो. संध्याकाळ झाली आहे, आई मुलीला घरी बोलावते आहे, आणि झाडांमधून एक लहान मुलगी धावत येते. दारात उभा असलेला बाप आईला समजावतो की, त्या पोरीत जीव गुंतवू नकोस, लवकरच ती जाणार. मुलीचे नाव तेनार. अतुआनच्या थडग्यांची मुख्य पुजारीण ज्या रात्री मेली, त्याच रात्री जन्मलेली ही मुलगी. म्हणून ती त्याच पुजारिणीचा नवा अवतार, असा त्या देशाचा समज. पाच-सहा वर्षांची असताना तिला वाळवंटातल्या देवस्थानात नेतात. पांढऱ्या वेषातील एक मुखवटेधारी तिच्या मानेवर तलवार उगारतो आणि काळ्या वेषातील दुसरी आकृती त्याला थांबवते. मुलगी मेली नाही. पण तेनार मेली. तिचे नाव त्या अनाम अंधारदेवतांना खाऊ घातले गेले. आता ती आर्हा. म्हणजे 'जिला खाऊन टाकले आहे ती'.

हा प्रसंग लेखिकेने मोजक्या पानांत, एकही अश्रू न ढाळता लिहिला आहे. मी तिथे पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिले. महाराष्ट्रात राहणाऱ्या वाचकाला या प्रसंगाचे नाव शोधायला दूर जावे लागत नाही. 'मुरळी सोडणे' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेतच आहे. नवसाची मुलगी खंडोबाला वाहायची, तिचे देवाशी लग्न लावायचे, आणि तिला विचारायचे नाही. यल्लम्माला सोडलेल्या मुलींची कथाही तीच. मुंबई प्रांतात १९३४ साली या प्रथेविरुद्ध कायदा झाला. महाराष्ट्राला २००५चा नवा कायदा करावा लागला, यावरून प्रथेची मुळे किती खोल गेली होती ते कळते. नेपाळातील कुमारी तर जिवंत देवीच. वयात येईपर्यंत देवी आणि मग पुन्हा साधी मुलगी. अमेरिकेतील एका लेखिकेने कल्पनेने रचलेला विधी आपल्याला इतका ओळखीचा वाटावा, हे त्या कल्पनेचे सामर्थ्य म्हणायचे की आपले दुर्दैव, ते वाचकांनी ठरवावे.

पण केवळ दुसऱ्यांकडे बोट दाखवून कॅथॉलिक वाचकाची सुटका होत नाही. मध्ययुगात आपल्याकडेही आईबाप लहान मुले मठाला अर्पण करीत. संत बेनेदिक्तच्या नियमावलीत अशा अर्पणाची रीत दिलेली आहे. बिंगेनची संत हिल्डेगार्ड, जिला २०१२ साली धर्मपंडिता म्हणून गौरवण्यात आले, तिलाही लहानपणीच आईवडिलांनी देवाला देऊन टाकले होते. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या धर्मपरिषदेने सोळा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी आणि एक वर्षाच्या परीक्षाकाळाखेरीज व्रते घेऊ देऊ नयेत असे ठरवले. आजच्या, म्हणजे १९८३च्या धर्मसंहितेनुसार नोव्हिशिएटला सतरा, तात्पुरत्या व्रतांना अठरा आणि अंतिम व्रतांना एकवीस वर्षे पूर्ण असावी लागतात. शिवाय ती व्रते कोणाच्या धाकाने घेतलेली असतील तर ती व्रतेच नव्हेत. या कलमांकडे मी आजवर कार्यालयीन तरतुदी म्हणून पाहत आले होते. आर्हाची कथा वाचल्यावर त्यांच्यामागे किती मुलींचे न विचारलेले हो-नाही उभे आहे, ते जाणवले.

पवित्र शास्त्रातली दोन मुले येथे आठवतात. हन्नाने शमुवेलला मंदिरात दिले, तेही तो लहान असतानाच. पण मंदिरात रात्री जो आवाज आला, तो त्याचे नाव घेऊन आला. आणि तीनदा चुकीच्या दाराशी धावत जाऊन चौथ्यांदा त्याने स्वतः उत्तर दिले. दुसरी इफ्ताहाची मुलगी. बापाच्या नवसात ती गेली. तिचे नावही शास्त्याच्या पुस्तकात दिलेले नाही. बोलावणे आणि बळी देणे यांतला फरक नावाचा आहे, हे ले ग्विन यांना कोणी ख्रिस्ती धर्मोपदेशकाने शिकवले नव्हते. त्या ख्रिस्ती नव्हत्या. त्यांचा ओढा ताओ-विचाराकडे होता आणि १९९७ साली त्यांनी 'ताओ ते चिंग'चे स्वतःचे इंग्रजी रूपही प्रसिद्ध केले. नावांचे महत्त्व त्यांच्या घरातच होते म्हणायचे. वडील आल्फ्रेड क्रोबर हे कॅलिफोर्नियातील आदिवासींचे अभ्यासक. आई थिओडोरा यांनी याही जमातीच्या शेवटच्या माणसावर १९६१ साली पुस्तक लिहिले. त्या माणसाने जमातीच्या रीतीप्रमाणे आपले खरे नाव कधीही कोणाला सांगितले नाही. म्हणून १९११ साली क्रोबर यांनी त्याला 'इशी' म्हटले, ज्याचा त्याच्या भाषेतला अर्थ नुसता 'माणूस'. अर्थसीच्या बेटांवर खरे नाव ही माणसाची सर्वांत मोठी ठेव असते आणि ते सांगणे म्हणजे जीव हाती देणे असते. या दोन गोष्टींचा संबंध जोडण्याचा मोह मला आवरत नाही.

आता आस्वादाकडे वळते; कारण हे पुस्तक केवळ विचारासाठी वाचावे असे नाही, ते अतिशय रंगते. थडग्यांच्या खाली एक प्रचंड गुहा आहे आणि तिच्यापलीकडे मैलोगणती भुयारांचा भूलभुलैया. तिथे उजेड नेणे हे पाप. आर्हाला तो सारा प्रदेश हाताने शिकावा लागतो: कितव्या वळणानंतर डावीकडे, कुठल्या भिंतीला ओल, कुठे खोल खड्ड्याच्या काठावरून जाणारी चिंचोळी वाट. जवळजवळ अर्धे पुस्तक आपण डोळ्यांनी नव्हे तर बोटांनी वाचतो. इंग्रजी अद्भुतकथांत देखाव्यांची रेलचेल असते. इथे लेखिकेने देखावाच काढून घेतला आहे आणि तरी पान सोडवत नाही. आर्हा त्या अंधारात घाबरत नाही, हे आणखी विशेष. तिला तो आवडतो. तो तिचा आहे. वर, उन्हात, ती इतरांच्या वेळापत्रकाची गुलाम. खाली ती एकटीच मालकीण. बंदिस्त मुलीला तुरुंगाचाच अभिमान वाटू लागावा, हे निरीक्षण कोणत्याही वास्तववादी कादंबरीला शोभले असते.

वरच्या जगातली माणसे थोडकी, पण जिवंत आहेत. थोराड, टक्कल पडलेला हिजडा मानान या मुलीवर आईसारखी माया करतो. ती त्याला टाकून बोलते आणि रात्री त्याच्याच पायरीशी येऊन बसते. थार ही वृद्ध पुजारीण कठोर, पण खरी. कोसिल मात्र राजाला देव मानायला लावणाऱ्या पंथाची पुजारीण, आणि स्वतः सत्तेपलीकडे कशालाच न मानणारी. कोसिल हे या पुस्तकातील दुबळे चित्रण आहे असे मला वाटते; तिच्या मनाची एखादी तरी खिडकी लेखिकेने उघडायला हवी होती. सर्वांत गोड आहे ती पेन्थे. गुबगुबीत, हसरी, घरी खाणारी तोंडे फार म्हणून इथे पाठवलेली. दोघी मैत्रिणी भिंतीवर लपून सफरचंदे खातात आणि गप्पांच्या ओघात पेन्थे सहज म्हणून जाते की, देवराजा काही देव नाही, आपल्यासारखाच माणूस; आणि इथे राहण्यापेक्षा एखाद्या डुकरे राखणाऱ्याशी लग्न झाले तरी चालेल. आर्हा हादरते. आपल्या शेजारी बसून सफरचंद खाणारी ही मुलगी काहीच मानत नाही आणि तरीही तिला कशाची भीती नाही! कुठलाही वादविवाद नाही, उपदेश नाही. दोन मुली आणि चोरलेली फळे. मठातले, बोर्डिंगातले आयुष्य ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांना पेन्थे भेटलेली असतेच.

वयात आल्यावर आर्हाला पहिले खरे काम करावे लागते. राजाने पाठवलेले तीन कैदी देवतांना अर्पण करायचे; कसे, ते तिने ठरवायचे. तिला काही सुचत नाही, आणि मोठेपणाचा आव आणून ती त्यांना अन्नपाण्यावाचून मरू द्यायला सांगते. नंतर ती आजारी पडते. स्वप्नात ती पाण्याने भरलेले भांडे घेऊन अंधारातून कोणा तहानलेल्याकडे चाललेली असते, पण तिथे कधीच पोचत नाही. लेखिकेने आपल्या नायिकेला निष्पाप ठेवलेले नाही. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकात नायिकेच्या हातून तीन माणसे मरतात आणि ती आयुष्यभर ते विसरत नाही, हे मला फार मोलाचे वाटते. अन्याय सोसणाऱ्याच्या हातूनही अन्याय घडतो. किंबहुना ज्याचे नाव काढून घेतले आहे त्याच्या हातून तो अधिक सहज घडतो, कारण करणारा 'मी' उरलेलाच नसतो.

आणि मग त्या गुहेत उजेड दिसतो. एक परका माणूस, काठीच्या टोकावर मंद प्रकाश, आणि त्या प्रकाशात आर्हा प्रथमच पाहते की, आपण आजवर चाचपडत आलेली ती काळी पोकळी स्फटिकांनी लखलखणारी आहे. ती चिडते, पाप झाले आहे. पण तिने पाहिले आहे, आणि पाहिलेले न पाहिले करता येत नाही. माझ्या हातातल्या कंदिलाची वात मी याच पानावर वर केली. तो माणूस म्हणजे गेड. एरेथ-अक्बेच्या तुटलेल्या कड्याचा अर्धा भाग शोधायला तो आला आहे. दुसरा अर्धा त्याच्यापाशीच आहे. आर्हा त्याला भुयारात कोंडते, छिद्रातून तहानेने व्याकूळ झालेला पाहते, आणि या वेळी पाणी पोचवते. स्वप्नातले भांडे अखेर पोचते. लेखिका हे जोडून दाखवत नाही. वाचकाने ते स्वतः जोडायचे असते.

गेड सावळा आहे आणि आर्हाचे लोक गोरे, ही बाबही आपल्याकडच्या वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही. ज्या काळात इंग्रजी अद्भुतकथांतले वीर झाडून सारे गोरे असत, त्या काळी ले ग्विन यांनी जाणीवपूर्वक हे उलटे केले. प्रकाशकांनी मात्र कित्येक मुखपृष्ठांवर गेडला गोरा करून टाकले, आणि लेखिका त्याबद्दल नाराज असत.

गेड तिला काय देतो? तो तिला जादूने सुंदर रेशमी वस्त्र नेसवून दाखवतो. ती ते काढून टाकायला सांगते. तो देतो ते एवढेच: तिचे नाव. एके दिवशी निरोप घेताना तो तिला सहज 'तेनार' म्हणून हाक मारतो. पुनरुत्थानाच्या सकाळी बागेत रडणाऱ्या मरियेला जे कळले ते हाकेवरूनच कळले, याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तुलना तेवढ्यापुरतीच घ्यावी, कारण गेड हा तारक नाही. तो थकलेला, मरणाच्या दारी टेकलेला माणूस आहे, आणि आपण तिच्या विश्वासाशिवाय इथून बाहेर पडू शकत नाही हे तो कबूल करतो. तिला तो स्वच्छ सांगतो की, आर्हा राहायचे की तेनार व्हायचे हे तुला ठरवावे लागेल. दोन्ही एकदम होता येणार नाही.

वहिनींच्या शंकेचे उत्तर मला इथेच सापडले. थडग्यातल्या त्या अनाम शक्ती खोट्या आहेत, असे गेड म्हणत नाही. त्या आहेत, प्राचीन आहेत, प्रबळ आहेत; त्यांना नाकारू नये, विसरूही नये; पण त्यांना पुजू नये, असे त्याचे म्हणणे. हे पुस्तक देव नाही असे सांगणारे नव्हे. जे देव नाही त्याला देव मानून त्याच्यापुढे मुली वाहू नका, असे सांगणारे आहे. पहिल्या आज्ञेशी याचा कुठे विरोध येतो ते मला दिसत नाही. जादूविषयी म्हणाल तर या पुस्तकात ती इतकी कमी आहे आणि इतक्या कष्टाने होते की, ती शिकून घ्यावी असे कोणाला वाटेल, अशी भीती नाही. डोंगरातून जाताना गेड एका सशाला नावाने बोलावतो. भुकेली तेनार त्याला मारून खायचे सुचवते. आणि गेड सांगतो की विश्वासाने आलेल्याशी असे वागायचे नसते. जादूचे शास्त्र इथे शीलाच्या शास्त्राहून वेगळे राहत नाही.

अलीकडे 'सबळ नायिका' म्हणजे हाती तलवार घेतलेली नायिका, असा एक समज रूढ झाला आहे. टॉल्किन या कॅथॉलिक लेखकाच्या महाकादंबरीतील एओविन पुरुषाच्या वेषात रणात उतरते आणि शत्रूच्या सेनानीला मारते. तो प्रसंग थरारक आहे, मलाही प्रिय आहे. पण सबलतेचे माप पुरुषाच्या कामावरून घेतले गेले की, ज्या बाईला तलवार पेलत नाही तिचे काय? तेनार एकही लढाई लढत नाही. तिचे सामर्थ्य तीन कृतींत आहे: कैद्याला पाणी देणे, आपले नाव आपणच मोठ्याने उच्चारणे, आणि दार उघडणे. या तीन कृतींनी एक देवस्थान कोसळते.

अर्थात आक्षेप घेण्यास जागा आहे, आणि तो लेखिकेनेच स्वतःवर घेतला. बाहेरून पुरुष आला नसता तर तेनार सुटली असती का? राजपुत्र अखेर आलाच ना? पहिल्या पुस्तकात तर बायकांची जादू दुबळी आणि दुष्ट, अशा अर्थाची म्हणच त्या बेटांवर प्रचलित दाखवली आहे, आणि जादूगारांच्या विद्यालयात मुलींना प्रवेश नाही. तेव्हा आपल्याला स्त्रीचे स्वातंत्र्य पुरुषावाचून कल्पिताच आले नाही, असे ले ग्विन यांनी पुढे मोकळेपणाने मान्य केले. मात्र गेडही तेनारवाचून सुटू शकत नव्हता, याकडेही त्यांनी लक्ष वेधले. मला हा आक्षेप पूर्णपणे पटत नाही. ज्याचे नाव इतरांनी काढून घेतले त्याला ते एकट्याने परत मिळवता येत नसते. हाक मारायला दुसरे कोणीतरी लागतेच. तो पुरुषच असायला हवा होता का, हा प्रश्न वेगळा. ती हाक पेन्थेने मारली असती तर? मला ती कादंबरी वाचायला आवडली असती.

कादंबरीचा शेवटचा भाग मला सर्वांत धाडसी वाटतो. भूकंपात थडगी गडप होतात. मानान त्याआधीच खड्ड्यात पडून मेला आहे, आणि तेही तेनारवरच्या मायेपायी. दोघे डोंगर ओलांडून समुद्राकाठी येतात. आता आनंदीआनंद असायला हवा. पण तेनार रडते. आयुष्याची सारी वर्षे एका निरर्थक गोष्टीच्या सेवेत गेली, हे कळणे सोपे नसते. एवढेच नव्हे, ज्याने सोडवले त्याच्याच जिवावर ती उठते. हातात सुरी घेऊन ती बसलेल्या गेडपाशी जाते. तो तिच्याकडे पाहतो आणि निघायची वेळ झाली म्हणतो. सुरी तशीच राहते. स्वातंत्र्य ही वाहून न्यायची, खांद्याला रुतणारी वस्तू आहे, हे लहान मुलांच्या पुस्तकात इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेले मी क्वचित पाहिले आहे. ज्या भगिनींनी संस्था सोडली आणि मग कित्येक वर्षे पहाटेच्या घंटेच्या वेळी जागच येत राहिली, अशांपैकी एकीने मला तिचे अनुभव सांगितले होते. ती दुःखी नव्हती, पश्चात्तापही नव्हता. तरी ती जाग येतच होती.

हॅवनॉर नगरीत तेनारचे भव्य स्वागत होते आणि पुस्तक तिथे संपते. पुढे काय, याचे उत्तर लेखिकेने जवळजवळ वीस वर्षे स्वतःपाशी ठेवले आणि १९९० साली 'तेहानू' लिहून दिले. तेनार आता गाँट बेटावरची मध्यमवयीन शेतकरीण आहे, विधवा आहे. विद्या शिकण्याची संधी तिने सोडली आणि संसार केला. गावात ती गोहा म्हणून ओळखली जाते. आगीत जाळलेल्या एका लहान मुलीला ती सांभाळते, आणि शक्ती गमावून परतलेल्या गेडलाही. दर्यावरून परतलेला तिचा मुलगा शेत आपले मानतो आणि आईने जेवण वाढावे, भांडी उचलावीत असे गृहीत धरतो. त्या स्वयंपाकघरातला तिचा राग भुयारातल्या कोणत्याही प्रसंगाइतकाच दाहक आहे. अनेक जुन्या वाचकांना हे पुस्तक रुचले नाही. त्यांना पराक्रम हवा होता. ले ग्विन यांनी या बदललेल्या दृष्टीविषयी १९९३ साली एक स्वतंत्र व्याख्यानही प्रसिद्ध केले. 'तेहानू' कलादृष्ट्या 'अतुआन'इतके बांधेसूद नाही. मधला बराच भाग रेंगाळतो. पण महालातून सुटलेल्या राजकन्येचे हात पुढे चुलीशी आणि पाळण्याशी कसे गुंततात, हे सांगण्याचे धैर्य दाखवणारी दुसरी अद्भुतकथा मला ठाऊक नाही. लेखिका २०१८ साली वारल्या.

पुस्तक परत द्यायला मी भाचीकडे गेले तेव्हा तिने तो प्रश्न विचारला. "आत्या, त्या मुलीला सुरुवातीलाच कोणी विचारले असते, तर तिने हो म्हटले असते का?"

मी म्हटले, सहाव्या वर्षी विचारले असते तर ती आईकडे पळाली असती. बाराव्या वर्षी विचारले असते तर मान ताठ करून हो म्हणाली असती, कारण तोवर ती आर्हा झाली होती आणि तिला त्याचा अभिमान होता. आणि तो होकार काहीच कामाचा नव्हता. तेनार म्हणून विचारणारे कोणी भेटेपर्यंत तिच्यापाशी द्यायला उत्तरच नव्हते. भाची यावर काही बोलली नाही. "आणि तुला कोणी विचारले आहे का?" असे मी विचारले, तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "विचारले आहे. नाव घेऊन विचारले आहे. अजून उत्तर दिलेले नाही."

पुस्तक सध्या वहिनींकडे आहे. त्यांचे इंग्रजी वाचन सावकाश चालते. पेन्थेच्या सफरचंदांपर्यंत त्या पोचल्या आहेत, असे कळते.